एवढं प्रकरण होऊ दे

फाल्गुन जवळ आला की आमच्या कोपऱ्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. दुपारचं ऊन भिंतीवरून खाली उतरायला तयार नसतं. शेजारची मुलं परीक्षेच्या नावानं गच्चीवर पुस्तकं घेऊन जातात आणि पुस्तकं सोडून सगळीकडे बघतात. मी अर्धा किलो द्राक्षं आणते, मिठाच्या पाण्यात घालते, आणि तरीही पहिला मणी तोंडात टाकला की सालीवरचा तो औषधाचा कडवटपणा जिभेला लागतोच. त्या चवीबरोबर मला नाना आठवतात. मुद्दाम आठवते असं समजू नका. त्या माणसाला विसरायला माझी काहीही हरकत नाही.

परवा वाचनालयाकडून दोघं जण घरी आले होते. नानांवर कार्यक्रम करायचाय म्हणाले. लहान मुलं ससा, खार, अस्वल यांचे मुखवटे घालून नाचणार, मग भाषणं. ‘तुम्ही त्यांच्या लेखनिक होतात ना, चार आठवणी सांगा.’ मी म्हटलं, माझ्याजवळ आठवण एकच आहे आणि ती हारतुऱ्यांत बसायची नाही. त्यांना तो माझा विनय वाटला. एक जण डोळे मोठे करून म्हणाला, केवढे प्राणिप्रेमी होते हो ते. मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

प्राणिप्रेमी म्हणे. शेजाऱ्यांची मांजर खिडकीत येऊन बसली की हा माणूस सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचा, झब्बा गुडघ्यांवर ओढायचा आणि आतल्या दिशेनं बायकोला हाका मारायचा. मांजर बिचारी नुसती अंग चाटत असायची.

त्यांचं पूर्ण नाव मी लिहीत नाही. पुस्तकांच्या पाठीवर ते इतक्यांदा छापलंय की आणखी एकदा छापायची गरज नाही. आख्खं गाव त्यांना नाना म्हणायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी कॉलेजात होते, अक्षर बरं होतं, आणि नानांचं स्वतःचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होतं, म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं मी त्यांच्याकडे लागले. सकाळी रविवार कारंज्यावरून सायकल मारत गंगापूर रोडला त्यांच्या बंगल्यावर जायची. तेव्हा तो रस्ता ओसाडच म्हणायचा. दोन्हीकडे मोकळे मळे, मधूनच एखादा बंगला, आणि या दिवसांत आंब्याच्या मोहोराचा वास. नाना खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे, मी लिहायची. चहाच्या आधी प्राणी, चहानंतर खेडं. असा रतीबच होता.

प्राण्यांचं काम सोपं होतं. एकदा रचलेली गोष्ट नाना टाकून देत नसत. ससा काढायचा, खार घालायची. कोल्ह्याच्या जागी बोका, तळ्याच्या जागी झाड, की झालं नवं पुस्तक. एका बदकाची गोष्ट त्यांनी अशीच बेडकावर बेतली आणि शेवटी बेडूक आनंदानं पंख फडफडवतो असं सांगून गेले. मी थांबले, म्हटलं, नाना, बेडकाला पंख नसतात. ते हसले आणि म्हणाले, बालविश्वात सगळं शक्य असतं, लिहा. तसंच छापलं. मुलांनी तक्रार केली नाही. मुलांना विचारतो कोण? मार्च संपायच्या आत शाळांना वाचनालयांची खरेदी उरकायची असायची, आणि गठ्ठेच्या गठ्ठे उचलले जायचे. ते पंखवाले बेडूक अजूनही कुठल्या तरी शाळेच्या कपाटात वाळवीची वाट बघत पडले असतील.

खेड्याचं काम मात्र अवघड होतं, कारण नानांना खेडं माहीतच नव्हतं. जन्म नाशकातला, तोही पेठेतला, शिक्षण पुण्यात. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण नानांना उंटाचीही भीती वाटली असती. आणि तरी त्यांच्या कादंबऱ्यांना मातीचा वास येतो असं पुण्याचे मोठमोठे लोक लिहायचे. तो वास कुठून येत होता ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. तो स्वयंपाकघरातून येत होता.

नानांच्या बायकोचं माहेरचं नाव मथुरा. दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला आत वळलं की त्यांचं गाव. लग्नात नानांनी त्यांचं नाव मृणालिनी ठेवलं. त्या बाईंना स्वतःचं नाव धड म्हणता यायचं नाही, त्या ‘मुनालिनी’ म्हणायच्या आणि नाना कपाळाला हात लावायचे. मी त्यांना काकू म्हणायची. सावळ्या, उंच, हाताला कायम पीठ लागलेलं. सांगता सांगता नाना मध्येच अडायचे आणि ओरडायचे, ‘अगं, पाऊस पडून गेल्यावर रान पेरायजोगं होतं, त्याला काय म्हणता तुम्ही?’ आतून आवाज यायचा, ‘वाफसा.’ नाना माझ्याकडे वळून डोळे अर्धवट मिटायचे आणि म्हणायचे, लिहा, वाफसा. असं म्हणायचे की जणू तो शब्द आत्ताच त्यांच्या अंतःकरणातून उमलून आलाय.

मोसम संपला की त्याला काय म्हणतात, सून रुसली की सासू काय बोलते, बैल विकायला नेताना घरची बाई काय करते, सगळं आतून यायचं. काकू भाकरी थापता थापता सांगायच्या. कधी हसून, कधी वैतागून, ‘आता मला तवा सोडून येता येत नाय’ असं म्हणत. त्यांचं बोलणं ऐकायला मला फार आवडायचं. ‘आमच्यात लय बोलत नायत, करून दाखवत्यात,’ असं काहीतरी त्या सहज बोलून जायच्या आणि दुसऱ्या मिनिटाला ते कादंबरीतल्या पाटलाच्या तोंडी गेलेलं असायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मी रोज खुर्चीत बसून पाहिलाय. खरा नाग परवडला. तो निदान बीळ आपणच खणलं असं भाषणात सांगत नाही.

आणि गंमत बघा. पुण्याचे पाहुणे आले की काकूंनी बाहेर यायचं नाही. त्या ‘हाय’ म्हणतात, ‘नाय’ म्हणतात, नानांना लाज वाटायची. पोह्यांच्या बशा दारातून माझ्या हातात दिल्या जायच्या आणि मी त्या बाहेर न्यायची. बाहेर नाना त्याच ‘हाय’ आणि ‘नाय’ची पानंच्या पानं वाचून दाखवत असायचे. पाहुणे ‘वा’ म्हणत पोहे खायचे. काकू दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, ‘हे तर मीच बोलले होते गं, काल, दूधवाल्याला.’ त्यांना त्याचा राग आलेला नव्हता. मला आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

त्या वर्षी नानांची कादंबरी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत येत होती. ‘काळ्या ढेकळाचं माहेर’ हे तिचं नाव. दर आठवड्याला एक प्रकरण. पुरवणीचे संपादक फियाट घेऊन स्वतः प्रकरण न्यायला यायचे. ते नानांचे इतके भक्त होते की बोलताना आपोआप वाकायचे. मी मनात त्यांना पुरवणीवाले म्हणायची. कादंबरीची नायिका नांदायला गेलेली लेक, तिची आई दूर गावी आजारी, नवरा तिला पाठवत नाही, असं कथानक नानांनी काढलं होतं. वाचकांची पत्रं येत होती. बायका रडत होत्या म्हणे.

त्याच दिवसांत काकूंच्या गावचा एक माणूस मार्केटला द्राक्षं घेऊन आला आणि काकूंच्या भावानं पाठवलेली पेटी द्यायला घरी आला. पेटीत कागदाच्या कातरणांत ठेवलेले घड होते आणि सगळ्या ओसरीत तो औषधाचा वास पसरला. पाणी पिता पिता त्या माणसानं सांगितलं की आईनं अंथरूण धरलंय, मथूला बघायचंय म्हणते, चार दिवस येऊन जा म्हणावं. काकूंनी पदराला हात पुसले आणि सरळ नानांच्या खोलीत आल्या. मी समोर बसले होते. नाना येरझाऱ्या थांबवून म्हणाले, ‘जा की. मी कुठं नको म्हणतोय? फक्त एवढं प्रकरण होऊ दे.’

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. तो माणूस कधी नाही म्हणाला नाही. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, चार लोक मध्ये घालता येतात, रुसून निघूनही जाता येतं. ‘एवढं होऊ दे’ म्हणणाऱ्याचं काय करायचं? तो बिचारा किती समजूतदार दिसतो. लोक मला विचारतात, एसटीनं तासाभराची वाट, मग एकट्या का नाही गेल्या त्या? ज्यांना असा नवरा मिळाला नाही त्यांनी खुशाल विचारावं. एक प्रकरण झालं की पुढच्या रविवारचं दुसरं तयार असायचं, आणि प्रत्येक प्रकरणात आई आजारी होती, लेक तळमळत होती, आणि तळमळताना ती काय म्हणेल हे काकूंशिवाय नानांना कोण सांगणार होतं? काकू गेल्या असत्या तर कादंबरी बंद पडली असती. ते काही नानांनी बोलून दाखवलं नाही. पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

पुन्हा निरोप आला. या वेळी भाऊ स्वतः येऊन गेला. जेवला नाही, पाटावर नुसता बसला. म्हणाला, ‘मथे, आई बोलायची थांबलीया. तुझं नाव तेवढं घेती.’ नाना घरात नव्हते, कुठल्याशा शाळेच्या बक्षीस समारंभाला गेले होते. मुलांनी प्राण्यांवर दया करावी असं सांगायला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर काकू निघाल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत आईसाठी केलेल्या शिऱ्याचा डबा. मला म्हणाल्या, ‘जाते गं. भाजी झाकून ठेवलीय, तेवढी वाढ त्यांना.’ मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं. तेवढ्यात नाना झब्ब्याच्या बाह्या सावरत अंगणात आले. रागावले नाहीत. अगदी लाडानं म्हणाले, अगं, एकच सांगून जा. म्हातारीच्या उशाला बायका बसतात तेव्हा काय काय बोलतात? काकू थांबल्या. एकच, म्हणून सांगायला लागल्या. मग त्यातून दुसरं निघालं, मग तिसरं. उभ्या उभ्या सांगत होत्या, पिशवी या हातातून त्या हातात घेत होत्या. मग दोघींना आत बोलावून मला लिहायला बसवलं गेलं. आई आजारी असताना लेकीच्या घशात काय होतं ते काकू सांगत होत्या आणि स्वतःच्या घशातून बोलणं फुटत नव्हतं. नानांना ते दिसलं. मला वाटलं, आता तरी. तर ते मला म्हणाले, लिहा, तिच्या घशातून शब्द फुटेना.

सकाळची गाडी गेली. दुपारच्या गाडीला गेलं तर पोचायला संध्याकाळ, आणि वळणापासून गाव लांब, एकटी कशी जाणार, असं नानाच म्हणाले. उद्या मी स्वतः सोडतो म्हणाले. शिऱ्याचा डबा त्यांनीच चहाबरोबर संपवला.

त्यानंतर काकू गप्प झाल्या. विचारलं तर उत्तर द्यायच्या, पण एका शब्दात. नानांना ते जाणवलं ते फक्त संवाद तोकडे पडायला लागले म्हणून. मग एके दिवशी ते दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, नायिका शेवटी माहेरी पोचते, पण उशीर होतो, आई गेलेली असते. अशा वेळी तुमच्याकडे जावयाचं काही असतं का? काही रीत? काकू भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या. मग त्यांनी तोंड वर करून, नानांच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सांगितला.

‘हाय ना. नवऱ्यानं लेकीला धाडायला उशीर केला आन् तिला आईचं तोंड बघाया मिळालं नाय, तर त्या जावयानं उंबरा ओलांडायचा नाय. गोठ्यात बसायचं जनावरांत. लेक सोताहून बोलवील तवा आत यायचं. तवर कुणी त्याला पाणीसुद्धा देत नाय.’

दुसऱ्या कुणीही ते ऐकून चप्पल पायात घातली असती आणि बायकोला घेऊन स्टँड गाठला असता. त्या बाईची आई तेव्हा जिवंत होती हो. तास दीड तासाच्या वाटेवर श्वास घेत होती. पण गाढवाला गुळाची चव काय? नाना आनंदानं टाळ्या वाजवत खोलीत आले. काय रीत आहे, म्हणाले, काय न्याय आहे या लोकसंस्कृतीत, सुलभा, लिहा, लवकर लिहा. काकू त्यांच्या मागोमाग येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. नानांचं सगळं सांगून होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. नानांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही तेव्हा त्या परत गेल्या, आणि तव्यावरची भाकरी जळल्याचा वास आला.

रविवारी ते प्रकरण छापून आलं. पुरवणीवाले म्हणाले, संपूर्ण मराठी साहित्यात असं आलेलं नाही. नाना आठवडाभर येईल त्याला ती रीत सांगत होते. ‘मी स्वतः पाहिलंय’ हे त्यात कधी शिरलं ते त्यांनाही कळलं नसेल.

पुढचं प्रकरण न्यायला पुरवणीवाले सकाळीच येऊन बसले होते त्या दिवशी काकूंच्या गावचा तोच माणूस आला. या वेळी त्याच्या हातात पेटी नव्हती. फाटकातच उभा राहिला. म्हणाला, ‘म्हातारी रात्री गेली. दुपारपातुर वाट बघतो म्हणलेत.’ काकूंनी हंबरडा वगैरे फोडला नाही. आत गेल्या, चूल विझवली, पिशवी घेतली आणि पायरीवर येऊन बसल्या. पुरवणीवाले लगबगीनं उठले, माझी गाडी आहे, आत्ता निघू म्हणाले. चांगले होते ते, उगाच कशाला वाईट म्हणू. नानांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, दोनच पानं राहिलीत. एवढं प्रकरण होऊ दे, म्हणजे तुमचंही काम होईल.

मी पेन खाली ठेवलं. मला त्या माणसाची अक्षरशः किळस आली. नानांनी माझ्याकडे पाहिलं, ते पेन उचललं आणि स्वतः लिहायला बसले. बायको पायरीवर, तिची आई तिकडे गावी अंगणात, आणि हे गृहस्थ आई गेलेल्या लेकीचा विलाप लिहीत होते. दोन पानांची चार झाली. मध्ये एकदा, मी खोटं सांगत नाही, एकदा त्यांनी मान वर करून पायरीच्या दिशेनं विचारलं, ‘अगं, त्या वेळी म्हणायचं ते…’ आणि काकूंच्या पाठीकडे बघून थांबले. देव जाणे का थांबले. बहुधा शब्द सुचला असेल.

निघताना काकूंनी माझा हात धरला. ‘तू चल माझ्यासंगं,’ म्हणाल्या. फियाटमध्ये मागे आम्ही दोघी, पुढे ते दोघं. दिंडोरी मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागांत तोडणी चालली होती. बायका डोक्याला फडकी बांधून घड कापत होत्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पेट्या चढत होत्या. काकू खिडकीतून बघत होत्या. मध्येच हळू आवाजात मला म्हणाल्या, ‘ती आईची बाग, ती वळणावरची.’ पुढच्या सीटवर नाना पुरवणीवाल्यांना ग्रामीण माणसाच्या मृत्यूविषयीच्या दृष्टिकोनाबद्दल सांगत होते. ऊन चढलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण रिकामं होतं. सारवलेल्या जमिनीवर पाणी सांडून वाळत आलेलं, आणि कोपऱ्यात फुटकं मडकं. वाट बघून बघून त्यांनी नेलं होतं. पुरुष माणसं नदीवरून परतत होती, केस ओले होते. काकूंचा भाऊ बहिणीला बघून जागच्या जागी उभा राहिला. काकू त्याच्याजवळून गेल्या, उंबऱ्याला डोकं टेकलं आणि आत शिरल्या. आतून बायकांचा एकच कल्लोळ उठला.

नाना चेहरा लांब करून उंबऱ्याकडे निघाले. तेवढ्यात पुरवणीवाल्यांनी त्यांची बाही धरली. ‘नाना,’ ते भीतभीत, अगदी हळू म्हणाले, ‘ती रीत.’

त्या क्षणाचा नानांचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. रीत खोटी असेल अशी शंका त्यांना आली नाही. कशी येणार? छापून आलेली होती, तीही त्यांच्याच नावानं. समोर गाव उभं होतं, पुरवणीवाले हात जोडून उभे होते. या सगळ्यांना ती माहीत असणार आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत असं त्यांना वाटलं असावं. लोक बघत होते हे खरं, पण हा पांढऱ्या झब्ब्यातला माणूस आत का जात नाही म्हणून बघत होते. नानांनी घसा साफ केला, खांद्यावरची शबनम सावरली आणि डाव्या हाताला वळून गोठ्यात गेले.

गोठ्यात दोन बैल होते, एक म्हैस आणि एक कालवड. नाना गव्हाणीच्या दगडावर अंग चोरून बसले. शेजारच्या बैलानं शेपटी मारली ती त्यांच्या पाठीवर, आणि झब्ब्यावर शेणाचा लांब पट्टा उमटला. कालवडीनं शबनमचा पट्टा तोंडात घेतला आणि निवांत चघळायला लागली. ज्यांच्या कालवडी पुस्तकांतून मुलांशी मराठीत बोलायच्या ते नाना तो पट्टा सोडवायचं धाडस करेनात. भावाची बायको तांब्या घेऊन निघाली तर पुरवणीवाले आडवे आले. नको बाई, म्हणाले, रीत मोडू नका. ती बिचारी तांब्या घेऊन परत आली. शहरातल्या लोकांचं काय काय असतं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मी आत गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर जिथं आईची बाज असायची तिथली जमीन नुकती सारवलेली होती. भाऊ दारातून वाकून विचारत होता, ‘मथे, भावजी गोठ्यात का बसलेत? बोलवू का?’

‘नको,’ काकू म्हणाल्या. ‘त्यांच्या पुस्तकात तशी रीत हाय.’

‘आपल्यात कुठं हाय असली रीत?’

‘नव्हती,’ काकू म्हणाल्या. ‘आजपासून हाय.’

पुढे त्या कादंबरीला बक्षीस मिळालं. त्या रीतीवर एका प्राध्यापकांनी लेख लिहिला, दुसऱ्यांनी त्या लेखावर लिहिला, आणि जामातृशुद्धी की असंच काहीतरी भारदस्त नाव तिला मिळालं. कुणी एक जण तिचं मूळ पार प्राचीन काळात नेऊन आला. एवढे सगळे विद्वान, पण दिंडोरीच्या एसटीत बसून कुणी त्या गावाला विचारून आला नाही. नानांनी त्यानंतर एकही ग्रामीण कादंबरी लिहिली नाही. ते आता फक्त बालसाहित्याला वाहून घेणार असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं, आणि लोकांना तो त्यांचा त्याग वाटला. खरं कारण इतकंच की आतून आवाज यायचा बंद झाला होता. ‘अगं, याला काय म्हणतात?’ असं विचारलं की काकू म्हणायच्या, मला नाय ठाऊक. पाहुण्यांसमोर मात्र त्या आता बाहेर यायला लागल्या होत्या. बशा स्वतः द्यायच्या, खुर्चीवर बसायच्या आणि मोठ्यानं बोलायच्या.

वाचनालयाच्या त्या मुखवट्यांच्या कार्यक्रमात मी यातलं काय सांगू? कालवडीनं पट्टा चघळला ते मुलांना आवडेल कदाचित.

त्या दिवशी ऊन कलायला लागलं. बागांतून माणसं परतली, ट्रॅक्टर बंद झाले. बायका एकेक करून उठल्या, कुणी दिवा लावला. गोठ्यात म्हशीची धार काढायला बाई गेली तेव्हा नाना उठून उभे राहिले आणि लगेच परत बसले. अंगणात पुरवणीवाले टाचांवर बसून डोळे पुसत होते. त्यांना ते दृश्य फार उदात्त वाटत असावं. नानांनी मला खूण केली, तहान लागली असावी, ओठ सुकले होते. मला दया आली का? जराही नाही. पण निरोप आत पोचवायचं काम माझं होतं, म्हणून मी आत गेले, काकूंच्या शेजारी बसले आणि म्हटलं, काकू, अंधार पडतोय, त्यांना बोलवायचं का?

काकूंनी त्या सारवलेल्या जागेवरून नजर काढली नाही. दिवसभरात तेव्हा कुठे त्यांचे डोळे भरून आले होते.

‘बोलव की,’ त्या म्हणाल्या. ‘मी कुठं नको म्हणतीया? फक्त एवढं रडून होऊ दे.’